बरफातला जास्तीचा नर

लवळ्याच्या कालेजातली ती पोरगी आमच्या भिंतीतल्या पोळ्यातल्या सातेरी मधमाशांकडं यायची. आदी माशांनाच इचारायची, "येऊ का गं?"

मला म्हणायची, "आजी, माशीच्या अंगात तिची सगळी घडण लिहिलेली असते. ती वाचायला थोडे नर नेते."

"ने, पर पोळं मोडू नगं."

नर ती बरफाच्या डब्यात निजवायची. एक दिस न्यायचे तेवढे मोजून झाल्यावर एक नर जास्तीचा निघाला, पार गारठल्याला. तिनं त्यो तळहातावर घेतला आन तोंडाची ऊन वाफ देत बसली.

माझे मालक मध काढताना कड्यावरनं पडले, तवा मी बी त्यांच्या हातावर अशीच फुंकत बसले व्हते. ते न्हाई उठले.

"उठंल का गं ह्यो?" मी इचारलं.

ती फुंकतच राह्यली. मग नराचा पाय हालला. त्यो उडाला, तवा तिच्याआदी मीच हासले.