हायब्रिड परवडते का

मुंब्रा बायपासच्या चढावर आमची गाडी तापली, तेव्हा शेजारच्या सीटवर माझे बाबा होते. त्यांचं वय ब्याऐंशी, आणि एप्रिलची दुपार. चार दिवस आमच्याकडे राहायला म्हणून मी त्यांना ठाण्याच्या कोपरीहून डोंबिवलीला आणत होते. बॉनेटमधून वाफ येताना दिसली तशी मी गाडी कडेला घेतली. एसी बंद झाला. शेजारून ट्रक मुंगीच्या पावलांनी सरकत होते. मी चारही दारं उघडी टाकली, बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून बाबांच्या मानेवर ठेवला. ते म्हणाले, "जरा गरगरतंय."

नवऱ्याची कंपनी मानपाड्याला, एमआयडीसीत. माझा फोन गेल्यावर तो लगेच रिक्षाने निघाला, पण शिळफाट्याच्या पुढे रिक्षा हलेना. उरलेलं अंतर तो चालत आला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, श्वास लागलेला. आल्या आल्या त्याने बाबांचं मनगट हातात धरलं आणि नाडी बघत बसला. इंजिन गार झाल्यावर रेडिएटरमध्ये पाणी ओतत, थांबत थांबत आम्ही घरी पोचलो. बाबा संध्याकाळपर्यंत ठीक झाले, जेवणात त्यांनी आमरसही मागून घेतला.

त्याच आठवड्यात नवरा म्हणाला, "ही गाडी काढून टाकू. हायब्रिड घेऊ. पेट्रोलमध्येच पैसे सुटतील."

गाडी अकरा वर्षांची होती. क्लचही जड झालेला. मी नाही म्हटलं नाही. आम्ही शोरूममध्ये गेलो, कल्याण-शीळ रोडवर चालवून बघितली. ट्रॅफिकमध्ये इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि गाडी बॅटरीवर, आवाज न करता पुढे सरकायची. मला ती फार आवडली, हे कबूल करायला हवं. सेल्समन म्हणाला, "तुमच्या या रोडला तर डबल मायलेज मिळेल, मॅडम. ईएमआयचा मोठा भाग पेट्रोलच्या बचतीतच निघून जातो." मग त्याने सहज विचारलं, "महिन्याचं रनिंग किती तुमचं?"

"हजार-बाराशे तरी," नवरा म्हणाला.

मला ते पटलं नाही. तो कामाला स्कूटरने जातो, मी कल्याणच्या ऑफिसला ट्रेनने. गाडी निघते ती बहुतेक कोपरीला बाबांकडे जायला. रेडिएटरचा गळका पाइप तात्पुरता बदलून घेतला होता, तेव्हा एक महिना ट्रिप मीटर शून्यावर आणून बघायचं ठरलं. महिना संपला तरी आकडा सहाशेला पोचला नव्हता.

बाबांची सगळी नोकरी कारखान्यात कॉस्टिंग विभागात, खर्चाचे हिशेब मांडण्यात गेलेली. पुढच्या रविवारी कोपरीला गेलो तेव्हा नवऱ्यानेच त्यांच्यापुढे विषय काढला. त्याला वाटलं असावं, ते त्याच्या बाजूने बोलतील.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र करताय," ते म्हणाले. "जुनी मोडून नवी घ्यावी का, हा एक. नवी घ्यायचीच झाली तर साधी पेट्रोल की हायब्रिड, हा दुसरा."

पहिल्याचं उत्तर त्यांनी चहा पिता पिता तोंडीच काढलं. सहाशे किलोमीटरला महिन्याकाठी पेट्रोलचे दोन-अडीच हजार वाचणार. जुनीचे पैसे वजा जाऊन नवीसाठी खिशातून चौदा लाख जाणार. म्हणजे ते वसूल व्हायला अठ्ठेचाळीस वर्षं.

"मी तेव्हा एकशे पाच वर्षांचा असेन," नवरा म्हणाला.

"आणि यात मी व्याज धरलेलं नाही," बाबा म्हणाले.

दुसऱ्या प्रश्नात हायब्रिडची बाजू जरा बरी निघाली. साध्या गाडीपेक्षा ती अडीच लाखांनी महाग, पण आमच्या रनिंगला तेवढेही सुटायला तेरा-चौदा वर्षं लागली असती. "रोज ठाणं-डोंबिवली करणाऱ्याचे पाच-सहा वर्षांत सुटतील," बाबा म्हणाले. "त्याने जरूर घ्यावी." मग त्यांनी विचारलं, "जावईबापू, पेट्रोल बाजूला ठेवा. गाडी का बदलायची आहे?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. "त्या दिवशी चालत येताना," तो म्हणाला, "मला सारखं वाटत होतं की मी पोचेपर्यंत तुम्हाला..." मलाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी त्याच्याशी मायलेजवर वाद घालत होते.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जावयाशी ते एरवी अंतर राखून वागत. "मग तसं म्हणा की," ते म्हणाले. "काळजीपोटी गाडी घेण्यात काही चूक नाही. फक्त ती काळजी कमीत कमी किती पैशांत मिटते, ते आधी मेकॅनिकला विचारून या."

मानपाड्याच्या मेकॅनिकने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. इंजिन चांगलं होतं. नवा रेडिएटर, सगळे पाइप, क्लच, पुढचे दोन टायर, सगळं मिळून साठ हजारांच्या आसपास गेलं. पंधरा वर्षांच्या रजिस्ट्रेशनला अजून चार वर्षं होती. तोपर्यंत हीच चालवायची आणि मग बघायचं, असं ठरलं. पुढे कित्येक महिने मी बाबांना आणायला निघाले की नवरा सुट्टी टाकून बरोबर यायचा. मी कारण विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर बाबा कायमचे आमच्याकडे राहायला आले. त्यामुळे कोपरीच्या फेऱ्या संपल्या आणि गाडी आता आठवडा-आठवडा पार्किंगमध्येच असते.

हायब्रिड शेवटी घेतली ती आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. ते रोज ठाण्याला खोपटपर्यंत गाडीने जातात आणि त्यांचं पेट्रोल खरंच निम्म्यावर आलंय. मध्यंतरी एका लग्नाला त्यांनी आम्हाला बरोबर नेलं. नवरा पुढे बसला होता. बॅटरी कधी चार्ज होते, इंजिन कधी लागतं, ते स्क्रीनवर दिसतं. तो तेच बघत होता. हॉल जवळ आला तेव्हा त्याने शेजाऱ्यांना विचारलं, "बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची हो?"

मागच्या सीटवर बाबा खिडकीकडे तोंड करून हसले.