अर्धा कप तगर

झोपेवर इतकं बोलणारा आणि इतक्या तयारीनं झोपणारा माणूस माझ्या साडूंखेरीज अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसावा. लोक दमले की झोपतात. साडू झोपायला बसत. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, एवढाच आमचा संबंध. ऐंशीच्या दशकात ते कळव्याला एका इमारतीत तळमजल्यावर राहत, कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत आणि रात्री बरोबर नऊ वाजता तगरीच्या मुळ्या उकळून पीत. त्याला ते चहा म्हणत. त्यात दूध नाही, साखर नाही, चहाची पूडही नाही, तरी चहाच. वास मात्र पावसात दोन दिवस घातलेल्या मोज्यांचा. हे मी साडूंचा मान राखून सांगतोय.

मुळ्या आणायला ते महिन्यातून एकदा कल्याणला काष्ठौषधीच्या दुकानात जात आणि एकेक तुकडा असा हुंगत, की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. त्यासाठी एक वेगळी पातेली होती. तिच्या बुडाला लाल ऑइलपेंटनं 'त' काढलेला होता. डोंबिवलीला आमच्याकडे मुक्कामाला आले, की पिशवीतून कपड्यांच्या आधी ती पातेली निघे. "भावजी, माझ्या गॅसवर हे नको हं," असं माझी बायको दर वेळी म्हणायची आणि दर वेळी ते तिच्याच गॅसवर उकळायचं. कळव्याला शेजारच्या कोळीणकाकू तर स्पष्टच बोलायच्या, "आमच्या सुक्या बोंबलाला नावं ठेवता, न् ह्ये काय उकलताव?"

या वासावर खूश अशी जमात एकच, मांजरांची. पावणेनऊ झाले की परिसरातली चार-पाच मांजरं साडूंच्या दाराशी येऊन बसत आणि पातेली गॅसवर चढली की उंबरठ्यावर गडाबडा लोळत. इमारतीतली माणसं ती मांजरं बघून घड्याळ लावत. "जनावराला कळतं, तुम्हाला कळत नाही," असं साडू आम्हाला सुनवायचे.

त्यांचं ऐकून एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवारातलं पांढऱ्या फुलांचं तगरीचं झाड मुळासकट उपटलं. ते मुळं धुऊन उकळायच्या बेतात असताना साडू बनियनवर धावत गेले आणि जिन्यातच त्यांनी व्याख्यान दिलं. "अहो, नाव एक असलं तरी झाडं दोन आहेत! ही तगर देवाला, ती झोपेला!" दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच जागी, म्हणजे स्वतःच्या मागच्या दाराशी, देवाच्या तगरीचं नवं रोप लावलं.

गुण म्हणाल तर मुळीचा गुण वादातीत होता. सव्वानऊला साडू घोरायला लागायचे. नुसते रात्रीच नाही. सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाला ते झोपत, न्हाव्याच्या खुर्चीत झोपत आणि माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात तर हातात अक्षता घेऊन उभ्या उभ्या झोपले. "बघा, रात्रीचा चहा दिवसभर पुरतो!" असं आम्ही म्हणायचो. त्यात काही विचार करण्यासारखं आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला खटकायचं ते वेगळंच. साडू कपभर चहा उकळत आणि अर्धाच पीत. "बस्स. याच्यावर घेतला तर सकाळी डोकं जड होतं." मग अर्धाच उकळा की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "अर्ध्या कपात अर्क उतरत नाही." उरलेला अर्धा कप ओट्यावर राही. अक्का, म्हणजे त्यांची बायको, तो बघून बडबडे. "एवढं महागाचं मूळ! टाकवत नाही हो माझ्याच्यानं." मग नाक दाबून, तोंड वेडंवाकडं करत ती तो पिऊन टाके. तिच्या माहेरी पानात भाताचं शीत राहिलं तर सासरेबुवा उठू देत नसत. माझी बायको ही शिस्त मला अजून भोगायला लावते.

पुढे साडूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ठाण्याच्या हॉस्पिटलात चार दिवस मुक्काम होता. पहिल्याच संध्याकाळी हुकूम सुटला, "घरी जा, अक्काला चहा करायला सांगा. कपभरच करायचा. माझा अर्धा थर्मासमधून आणा." मी वैतागत कळव्याला गेलो आणि वैतागत परत आलो. साडूंनी थर्मासकडे बघितलंसुद्धा नाही.

"उरलेला तिनं घेतला ना?"

"घेतला. कुरकुरत."

"तुमच्यासमोर?"

"हो, समोर. आता तुम्ही घ्या."

"ओता मोरीत," साडू म्हणाले. "मी दुपारपासून झोपलोच होतो. मला झोपेचा त्रास कधी होता?"

मी थर्मास खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. रात्रीतून पाच-पाच वेळा "सूनबाई" अशी हाक येई आणि अक्का उठे. आई गेली, पण अक्काचं उठणं थांबलं नाही. हाक आली नाही तरी ती उठून बसे आणि मग सकाळपर्यंत तशीच. डॉक्टरांच्या गोळ्या तिनं फडताळात ठेवून दिल्या. वैद्यांनी तगर सांगितली, तर म्हणाली, "माझ्या एकटीसाठी कोण उकळत बसणार?"

"आई माझी, झोप गेली हिची," साडू म्हणाले. "स्वतःसाठी ती भांडंभर पाणीही उठून घेत नाही. पण टाकायचं म्हटलं की तिचा जीव जातो. म्हणून मी उरवतो. तिला बोलू नका हं, पिणं बंद करेल."

मी कोणालाच बोललो नाही, बायकोलाही नाही. साडूंची चेष्टा मात्र पूर्वीसारखी करत राहिलो, नाहीतर संशय आला असता. ती करताना मला लाज वाटायची.

अक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचे दिवस झाल्यावर साधारण महिन्यानं मी कळव्याला एक रात्र राहिलो. पावणेनऊला मांजरं आली. साडूंनी 'त'ची पातेली काढली, कपभर पाणी मोजून घेतलं, मुळ्या टाकल्या आणि गाळून अर्धा कप प्यायले.

"आता अर्धाच करा की," मी बोलून गेलो.

"अर्ध्या कपात अर्क उतरत नाही," ते म्हणाले. उरलेला कप त्यांनी नेहमीसारखा ओट्यावर ठेवला. थोड्या वेळानं तो उचलला, मागचं दार उघडलं आणि तगरीच्या झाडाच्या बुडाशी ओतला. झाड पांढऱ्या फुलांनी भरलं होतं.

मग ते कॉटवर आडवे झाले, मी खाली सतरंजीवर. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. साडूंच्या घोरण्याची मी वाट बघत होतो. दहाच्या सुमाराला अंधारातून त्यांचा आवाज आला, "साडू, जागे आहात का?"