शेऱ्याचा रकाना

मी जन्मभर ग्रामसेवक होतो. निम्मी नोकरी यावल तालुक्यात, उरलेली पहूरकडे. तेव्हा राज्यकारभार मला कोणी शिकवू नये, असं परवापरवापर्यंत छाती ठोकून सांगायचो. आता नाही सांगत. का, ते लिहून ठेवतो.

आमचे जावई ठिबकचे इंजिनिअर. केळीच्या बागांना ठिबक बसवायला कंपनीने त्यांना जळगावहून थेट हैतीला पाठवलं. हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातला देश, नकाशात शोधायला मला चष्मा लागला. मुलगी तेवढे महिने आमच्याकडे पिंप्राळ्याला राहायला आली. तिकडे रात्र असायची तेव्हा इकडे सकाळचा चहा. रोज चहाबरोबर व्हिडिओ कॉल.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "जावईबापू, तिथली व्यवस्था कशी आहे?" ते बिचारे लोकांना विचारून विचारून सांगत गेले, मी डायरीत उतरवत गेलो. प्रजासत्ताक. राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडायचा, पाच वर्षांसाठी. पंतप्रधान त्याने नेमायचा, संसदेने मान्यता द्यायची. संसदेची दोन सभागृहं. आणि अगदी तळाला, गावपातळीवर, तीन जणांची पंचायत. मी खूश! "अगं, हे तर बरंचसं आपल्यासारखंच," बायकोला म्हणालो. मग जावयांना विचारलं, "आत्ता राष्ट्राध्यक्ष कोण आहेत?"

"कोणीच नाही, आबा. त्यांना राहत्या घरात मारलं, त्याला काही वर्षं झाली. सिनेटरांची मुदत संपली, पुढे निवडणूकच झाली नाही. आता नऊ जणांचं मंडळ नेमलंय, त्यातले पाळीपाळीने अध्यक्ष होतात. पण राजधानीतला बराच भाग बंदूकवाल्यांच्या ताब्यात आहे."

"आणि तुमच्या गावातली पंचायत?"

"कार्यालय आहे. त्याला कुलूप आहे."

बायको माहेरची धुळ्याकडची, अहिराणी काही सुटत नाही. बशी खाली ठेवून म्हणाली, "मंग तठे सरकार शे का नही?" मी तिला गप्प केलं. सरकार नसलेलं गाव मी कधी पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी नळ्यांचा ट्रक अडला. गावाबाहेर रस्त्यावर ओंडका आडवा टाकून माणसं बसलेली, हातात बंदुका. तिकडे केळीची रोपं पाण्यावाचून माना टाकायला लागली. काय करावं, असं जावयांनी मला विचारलं, आणि मी दीडशहाणा बोललो.

आमच्याकडे रीत अशी, की नव्या गावी बदली झाली की ग्रामसेवकाने आधी कार्यालयात जायचं नाही. गावात ज्याचा शब्द चालतो, आधी त्याच्या ओट्यावर जायचं. कोणी नाना असतो, कोणी भाऊ. तो निवडून आलेला असेलच असं नाही. शाल, नारळ, कपभर चहा, आणि मग तुमचं काम अडत नाही. मी म्हणालो, "असा एक भाऊ तिथेही असणारच. शोधा आणि शाल घाला."

मुलगी तिथेच म्हणाली, "आबा, नको. ते काय आपलं पहूर आहे?" पण सासऱ्याचा शब्द जावयांनी मोडला नाही. दुसऱ्या दिवशी फोटो आला. दिवाळसणाला मी दिलेली जांभळी शाल एका धिप्पाड माणसाच्या खांद्यावर, आणि मागे चार बंदूकवाले. ट्रक सुटला. मी तो फोटो अख्ख्या कॉलनीला दाखवला. बळी तो कान पिळी, पण कान कोणाच्या हातात द्यायचा ते कळायला अनुभव लागतो, असं वर ज्ञानही पाजळलं.

पंधरा दिवसांत त्या भाऊने जावयांना आपल्या आवारात खोली दिली. मग नीट राहील म्हणून पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला. पुढे कंपनीने तिथल्या आपल्या चारही माणसांना परत बोलावलं. बाकीचे तिघे निघाले, जावई राहिले.

"तो म्हणतो, तू माझा माणूस," जावई हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या मागे दारात कोणीतरी उभं होतं.

मी अर्ज लिहायला बसलो. आयुष्यभर लोकांना अर्ज लिहून दिले, हात बसलेला. 'प्रति' लिहिलं आणि पेन थांबला. कोणाच्या नावे लिहू? आपल्याकडच्या कचेऱ्यांनी अर्ज घेतले, धीरही दिला, पण तिकडे नेमकं कोणाशी बोलायचं हे त्यांनाही उमगत नव्हतं. मुलीने माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, तांब्या भरून ठेवायची आणि निघून जायची.

मग एका सकाळी कॉलवर तो स्वतःच आला. शाल अंगावरच. शेजारी जावई बसून त्याचं बोलणं मराठीत सांगत होते.

"आबा, तुम्ही सरकारी माणूस होतात हे त्याला कळलंय. तो म्हणतो, लोक मला घाबरतात, पण घरात कोण कोण आहे ते मला माहीत नाही. गाव कागदावर कसं आणतात ते शिकवा. शिकवलंत तर मला माझा पासपोर्ट परत देईल, म्हणतो."

खोटं कशाला बोलू? भीती होती, तरी मला बरंही वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझं काम कोणी मागितलंच नव्हतं.

"गावनी यादी त्याना हातमा कसाले देतस?" बायको कळवळून म्हणाली.

"कागदाने कोणी मरतं का गं!" मी तिच्यावर खेकसलो.

आठ दिवस रोज सकाळी शिकवलं. आधी प्रत्येक दारावर रंगाने क्रमांक. मग वही, वर तारीख, खाली रकाने: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं किती, कोण कुठे नोकरीला. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

"त्यात काय लिहायचं, विचारतोय," जावई म्हणाले.

"पुढे काही बदल झाला तर तो. स्थलांतर, मयत, असं. तारखेसकट लिहायचं, म्हणावं." तो मान डोलावत, गुणी विद्यार्थ्यासारखा ऐकत होता.

त्याने शब्द पाळला. जावई महिन्याभरात घरी आले. मुलीने माझ्या पायावर डोकं ठेवलं, मी कॉलनीत पेढे वाटले. जावई मात्र नुसते जेवायचे, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे.

एका दुपारी मला राहवलं नाही. विचारलं, "काय हो, जमली का त्याला यादी?"

त्यांनी उठून मोबाइलमधला फोटो पुढे केला. भाषा परकी, पण रकाने माझेच. मथळ्याखाली दोन रेघा, मी सांगितल्या तशा. अक्षर जावयांचं. "तो सांगायचा, मी लिहायचो," ते म्हणाले. शेऱ्याच्या रकान्यात काही घरांपुढे एकच शब्द आणि तारीख होती. मी अर्थ विचारला.

"मयत. ज्यांची मुलं पोलिसात आहेत, ती घरं."

माझी सवय वाईट. आधी तारखा तपासल्या. "जावईबापू, इथे चूक झालीय," मी म्हणालो. "वही लिहिली त्याची तारीख वर आहे, आणि मयताची तारीख त्याच्या आठ दिवस पुढची."

"चूक नाही, आबा," ते म्हणाले. "मी लिहिलं त्या दिवशी ती सगळी जिवंत होती. त्यातल्या एका घरी मी त्याच संध्याकाळी जेवलो."