उघडलेला फोटो

शेरडांचा वास आला की माण गावातली माझी भाड्याची खोली आठवते. तिथं असताना मी लिहिलेला, सर्व्हरवर फोटो साठवणारा प्रोग्राम फोटोलाही मजकूर समजायचा आणि ओळ संपल्याच्या प्रत्येक खुणेपाशी आणखी एक खूण घुसडायचा, त्यामुळे फोटो उघडायचाच नाही. ती चूक शोधण्यात तीन दिवस मी कुणाशी बोललोही नव्हतो. अखेर एक ओळ बदलली आणि चाचणीसाठी काढलेला माझ्याच खोलीचा फोटो लख्ख उघडला. दाखवायला कुणीच नव्हतं, म्हणून शेरडांना पाला टाकणाऱ्या घरमालकीण काकूंना हाक मारली. पदराला हात पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "लई झ्याक हाय," त्या म्हणाल्या, "पन मानसं कुटं हायेत?" आता माझं स्वतःचं घर आहे. परवा त्याचाही फोटो काढला. तो पहिल्याच खेपेला उघडला, आणि मी त्यात माणसं शोधत बसलो.