आप्पांची चूक

जनावराच्या कानातला चिपचा बिल्ला मशीनने वाचला, तरी आप्पांचं समाधान व्हायचं नाही. ते मालकाला जनावराचं नाव विचारत, स्वतः हाक मारत आणि वाट बघत. "नाव लिधं का कान हालाले जोयजे," म्हणत. मागे ही भली मोठी रांग, आणि हे गृहस्थ कुणाच्या तरी कपिलेच्या कानाकडे डोळे लावून उभे! मला हसू यायचं, वैतागही यायचा.

तापीकाठच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आप्पा जुने परिचर. मी नवा कॉम्प्युटरवाला. बिल्ल्याचा नंबर लस झालेल्यांच्या यादीत आहे का, हे तपासणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिला होता. तोच नंबर पुन्हा आला, तर पडद्यावर 'आधीच झाले' असं येई. मला त्याचा कोण अभिमान! आप्पांनी एवढंच विचारलं, "आनि तुन्हं मशीन चुकनं तं ते कोनले सांगस?"

लंपीच्या लसीकरणाला शेजारच्या गावचे सुपडूदादा बैलगाडी घेऊन आले. बैल सोडून एकेक आणायचा, ही आप्पांची शिस्त. घाईत मी जुंपलेल्या जोडीलाच मशीन लावलं. पहिल्या बैलाचा नंबर आला, आप्पांनी सुई दिली. दुसऱ्याकडे वळलो, तर मशीनने शेजारचाच बिल्ला पुन्हा वाचला. 'आधीच झाले.'

"जाऊ द्या गाडी," मी म्हणालो.

"एकच बैल जुपीसन ऊना का हाऊ मानूस?"

"त्याची लस मागेच झाली असेल. तुम्हाला कळतं का आप्पा यातलं?"

चारचौघांत माझा आवाज चढला होता. आप्पांनी सुई खाली केली.

महिनाभरात तो दुसरा बैल लंपीने गेला. मी यादी उघडली. त्याचा नंबर तिच्यात कुठेच नव्हता.

आप्पा मला घेऊन सुपडूदादांच्या घरी गेले. गोठ्यात जोडीतला एकच बैल उभा होता. मी तोंड उघडण्याआधीच आप्पा बोलले, "सुपडू, चूक मन्ही व्हयनी. सुई मन्हा हातमा व्हती." मी ते तसंच राहू दिलं. नोकरी नवी होती, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. परतताना ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

आता तोच नंबर पुन्हा आला की प्रोग्राम थांबतो आणि मी जनावर स्वतः बघून येतो. आप्पा निवृत्तीनंतर खांडबाऱ्याला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. त्यांची फार आठवण येते.

परवा सुपडूदादा नवी जोडी घेऊन आले होते. बैल सोडता सोडता म्हणाले, "आप्पानी ती एक चूक व्हयनी, पन मानूस लाख व्हता."

"हो," मी म्हणालो.