काणे सरांची नक्कल

माझ्या शिक्षणाचं सारं श्रेय माझ्या थोरल्या बहिणीचं, यमुनाबाईचं. तिला मी बाई म्हणतो. आई गेल्यावर तिनं चौथीतून शाळा सोडली आणि मला शिकवलं. नागपूरला निघताना तिनं एकच बजावलं होतं, "शयरात मले-तुले करू नोको गा. लोक हासते."

मी ते ऐकून गावची बोली इतकी टाळली, की त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉलेजात फिजिकल इन्स्ट्रक्टर होतो, म्हणजे खेळाचा शिक्षक. प्रोबेशनवर होतो, काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी. माझ्याकडे कबड्डी, काणेकडे टेनिस.

काणे माझ्याच वयाचा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, गोरा, उंच. ब्लेझर त्याच्या अंगावरच वाढल्यासारखा दिसे. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या घरी त्याला चहाला बोलावत. या सगळ्याचा मला हेवा वाटे, पण तो सोसण्यासारखा होता. सोसवत नसे ते वेगळंच. काणे पोरांच्या खांद्यावर हात टाकून "काहून गा पहेलवान?" म्हणायचा आणि पोरं खूश व्हायची. तीच बोली माझ्या तोंडून निघाली असती तर गावंढळ ठरली असती. त्याच्या तोंडी ती दिलदारी होती.

स्पर्धेच्या तोंडावर प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "तुमच्या टीमची भाषा जरा सुधारा. बाहेरची कॉलेजं हसतात."

मी कामाला लागलो. नामदेव आमचा मुख्य रेडर, म्हणजे चढाई करणारा. एकदा सरावात मी त्याला बाहेर बसवलं, तेव्हा त्यानं विचारलं, "सर, मले काहून बसवलं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मले नाही, मला. काहून नाही, का." दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. निरोप मात्र आला: काणे सर मॅनेजर असतील तर खेळतो.

साहेबांनी तो निरोप ऐकला. नामदेव आला नाही तर टीम काणेकडे द्यावी लागेल, म्हणाले. माझ्या कन्फर्मेशनबद्दल ते काही बोलले नाहीत, तेवढ्यावरून मी समजलो.

संध्याकाळी मी महाल भागात नामदेवच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. वाटेत शुद्ध भाषेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"काहून गा नामदेव, ग्राउंडवर काहून येऊन नाही राहिला? मले सांग तरी."

तो हसू दाबत म्हणाला, "सर, तुम्ही काणे सरांची नक्कल करून राहिले काय?"

माझी स्वतःची बोली काणेची ठरली होती.

आत त्याची आई तांदूळ निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "नक्कल नाही होय ते. कोण्या गावचे जी तुम्ही?"

काटोलकडचा, म्हणालो. तिचं माहेर तिकडलंच निघालं. तिनं मला चहा दिला आणि पोराला सांगितलं, "उद्यापासून जाय. मास्तर आपल्यातलेच हायेत."

नामदेव आला. ग्राउंडवर मी पोरांशी आमच्याच बोलीत बोलू लागलो. आम्ही दोन सामने जिंकलो, तिसरा हरलो. मी कायम झालो. ऑर्डर हातात देताना साहेब प्रसन्न होते. "मुलांशी मोकळं बोलायला लागलात. काणेकडून चांगलं उचललंत."

मी "थँक यू सर" म्हणालो. काणे शेजारीच उभा होता. त्यानं मनापासून माझं अभिनंदन केलं, तेही आमच्याच बोलीत. त्याचा हेवा मला आजही वाटतो. एक मात्र शिकलो: एकच शब्द कुणाच्या तोंडून निघतो, त्यावर त्याची किंमत ठरते.

त्याच दिवशी मी बाईला पत्र टाकलं.

"ती. बाईस सा. न. नोकरी पक्की झाली. हे तुझ्यामुळं. दिवाळीत येतो. मागच्या वेळी तू माझ्याशी 'मला-तुला' करून, जपून बोलत होतीस. शेजारची कुणी आली असेल म्हणून, असं मी समजलो होतो. पण घरात आपण दोघंच होतो. या वेळी तसं बोलू नोको वं बाई. मले परकं वाटते."