माझ्या आईचं नाव मुगुरे

आमच्या आईचं नाव मुगुरे. आमच्या भाषेत त्याचा अर्थ विकत घेतलेली. ओथायाकडच्या आमच्या टेकडीवर तिच्या वयाच्या मुगुरे पुष्कळ होत्या. चहाची पानं वजनाला घालायच्या रांगेत कुणी "मुगुरे" अशी हाक मारली की चार-पाच माना वळायच्या. हल्ली लहान पोरींत हे नाव क्वचितच ऐकू येतं.

आईला ते तिच्या आजीकडून मिळालं. ती आजी मूळची शेजारच्या कांबा मुलखातली. मोठ्या दुष्काळात तिच्या बापाने दोन टोपल्या कोनफळं आणि घेवडा घेऊन तिला इथल्या एका घरी ठेवलं. त्या घराने तिला लेकीसारखं वाढवलं आणि तिचं नाव ठेवलं मुगुरे. आई शेंगा सोलता सोलता हे मोठ्या अभिमानाने सांगायची. "विकली गेली म्हणून जगली. ती जगली म्हणून तुम्ही इथे बसून माझं डोकं खाताय."

मला मात्र शाळेतली पोरं आठवायची. "ए गाचांजा, तुझ्या आयशीला कितीला घेतली रे?" मी कधी उलट बोललो नाही. मान खाली घालून घरी यायचो आणि तिच्याशीच तुसडेपणाने वागायचो.

पुढे शिकलो, थिका शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागलो, वमाइथाशी लग्न केलं. पहिली मुलगी झाली. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव जातं. त्यात विचारण्यासारखं काही नसतंच. दवाखान्यातल्या बाई कागद घेऊन आल्या तेव्हा वमाइथाच सांगायला लागली, "लिहा, मुगु–"

"न्यागुथी लिहा," मी मध्येच म्हणालो. ते माझ्या सासूचं नाव.

बाई गेल्यावर वमाइथा म्हणाली, "हे काय केलंस?"

"तिला शहरात वाढायचंय. जन्मभर विकत घेतलेली म्हणून मिरवू दे का?"

"आणि आईंना काय सांगणार?"

"बघतो मी."

दोन आठवड्यांनी आई आली. बरोबर टेकडीवरच्या तीन बायका, आंबट लापशीचा डबा, केळ्यांचा घड, आणि नातीसाठी स्वतः विणलेली पिशवी. मुलगी झाली म्हणून फाटकातच त्यांनी रीतीप्रमाणे तीनदा आनंदाची आरोळी दिली. आईने बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "काय ग मुगुरे, ओळखलंस का मला?"

आता गप्प राहून चालणार नव्हतं. "आई, तिचं नाव न्यागुथी ठेवलंय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी घाईघाईने म्हणालो, "वमाइथाच्या माहेरचा फार आग्रह होता. हिलाही तेच हवं होतं. मी काय करणार?"

वमाइथा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आत आली, सगळ्यांपुढे कप ठेवले, माझ्यापुढेही ठेवला.

आईची मैत्रीण न्जोकी काकू म्हणाली, "शहरात सुनाच नावं ठेवतात वाटतं!"

"न्जोकी, चहा पी," आई म्हणाली. मग बाळाकडे वळली. "न्यागुथी तर न्यागुथी. नाक तर आमचंच आहे."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तोंड उघडलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर सहा वर्षं नाही. आम्हाला पुढे मुलगा झाला आणि तेवढ्यावर आम्ही थांबलो.

गेल्या ऑगस्टच्या सुट्टीत एकटाच गावी गेलो. अंगणात मका वाळत घातला होता आणि तीनेक वर्षांची एक मुलगी तिथे बसली होती. आतून आईचा आवाज आला, "मुगुरे, कोंबडी हाकल ग!"

आई बाहेर आली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"खालच्या घरातल्या वांगेचीची. बाळंतपणाच्या वेळी रस्ता खचला होता, गाडी वर येईना. माझ्याच हातांत जन्मली. वांगेची म्हणाली, तुमचं नाव द्याल का हिला? म्हटलं, घे. पडूनच होतं."

मी तिथेच पायरीवर बसलो. "आई, वमाइथाने काही केलं नव्हतं. तिला तुझंच नाव ठेवायचं होतं. मलाच तुझ्या नावाची लाज वाटत होती."

"माहीत आहे. त्याच संध्याकाळी तुझ्या बायकोने माझे पाय धरले. न केलेल्या गोष्टीची माफी मागत होती. तुला उघडं पाडायचं नव्हतं तिला. पण शाळेतून मान खाली घालून यायचास, ते काय मला दिसत नव्हतं?" आईने मक्यावर हात फिरवला. "मी वाट बघत होते तू कधी सांगतोस त्याची."

थिकाला परतून मी वमाइथाला हे सांगितलं. ती म्हणाली, "सहा वर्षं न्जोकी काकू मला धड ओळख देत नाहीत. त्यांना कोण सांगणार?"

पुढच्या रविवारी आम्ही सगळेच गावी गेलो. चर्च सुटल्यावर आवारात, त्या तिन्ही बायकांसमोर मी सगळं सांगितलं. बोलताना वर बघवत नव्हतं. न्जोकी काकू सरळ वमाइथाकडे गेली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. माझ्याशी दिवसभर कुणी बोललं नाही. जेवण मात्र वाढलं.

परतताना गाडीत न्यागुथीने विचारलं, "बाबा, न्जोकी आजी का रडत होती?"

तिला समजेल तेवढं सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणजे माझं नाव चुकलंय?"

मी गाडी चालवत राहिलो.

"नाही ग राणी," वमाइथा म्हणाली. "नाव छान आहे तुझं. चुकलं ते बाबाचं."